देवळाच्या कामाला लागलेल्या हातांचे आभार

आमच्या गावच्या हेमाडपंती महादेव मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला असून, ज्यांनी पावतीवर नाव लिहू दिले नाही अशा सर्वांचे आम्ही गावकरी मनःपूर्वक आभार मानतो. चुन्याशिवाय, केवळ खाचा व वजनाच्या आधारावर रचलेल्या या काळ्या दगडांवरील ऑइलपेंटचे थर ज्या तरुणांनी ऐन उन्हाळ्यात हलक्या हाताने काढले, आणि सिमेंट ओल कोंडून ठेवते म्हणून झिजलेल्या दरजांत चुनाच भरा, असा (अगदी रास्त) हट्ट ज्या वयोवृद्ध गवंड्याने धरला, त्यांचे ऋण मोठे आहे. कापूस वेचणीच्या मजुरीतून दानपेटीत भर घालणाऱ्या मायमाउल्यांचेही आभार. काम चालू असतानाही सोमवारचे भजन खंडले नाही. त्यासाठी सतरंज्या व कंदील पुरवणाऱ्यांनी महाशिवरात्रीच्या महाप्रसादाला अवश्य यावे.