हजेरीपटातले ग्रीक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला प्राचीन ग्रीकांवरचा लेख दोनदा वाचला. अथेन्सची सभा, सॉक्रेटिसचा विषाचा पेला, ऑलिंपियाच्या शर्यती, सगळं झकास उतरलंय. पण इ.स.पू. 326 मध्ये अलेक्झांडरचं सैन्य बियासवरून मागे फिरलं आणि तिथंच लेखकाने ग्रीकांना आपला निरोप देऊन टाकला, हे काही पटलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत 33 वर्षं काढली. ग्रीक आमच्या हजेरीपटात होते.

मिलिंदच घ्या. एका वर्षी माझ्या वर्गात तीन मिलिंद होते. एकाला हाक मारली की तिघं उभे राहायचे. छत्रपती संभाजीनगरात बाबासाहेबांनी 1950 मध्ये सुरू केलेलं कॉलेज मिलिंदच्या नावाचं, आणि परिसराचं नाव नागसेनवन. हा मिलिंद म्हणजे मिनँडर, इ.स.पू. दुसऱ्या शतकात पंजाबात राज्य करणारा ग्रीक राजा. त्याच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’, म्हणजे त्राता महाराज मिनँडरचं. ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथात तो भिक्खू नागसेनाशी वाद घालायला येतो, तेव्हा नागसेन आधी अट घालतो: पंडितासारखा बोलणार असशील तर बोलू, राजासारखा बोलणार असशील तर नको. राजाला विरोध केला की तो शिक्षा फर्मावतो ना! शाळा तपासणीला निघालो की मला ही अट हमखास आठवायची. पाळली किती, ते तेव्हाच्या शिक्षकांना विचारावं.

तपासणीला जायचो, कारण शेवटची काही वर्षं मी केंद्रप्रमुख होतो. आता गंमत बघा, हा ‘केंद्र’ शब्दच मुळात ग्रीक. त्यांचं ‘केंत्रोन’ म्हणजे जनावर हाकायची टोकदार काठी, आपली पराणी. माझे वडील तिफण हाकायचे तेव्हा त्यांच्या हातात असायची ना, टोकाला लोखंडी आर बसवलेली, तशीच. पुढे कंपासचं जे टोक कागदात रुततं त्याला ग्रीक तेच म्हणू लागले, मग वर्तुळाच्या मध्याला. ग्रीकांच्या ज्योतिषाबरोबर तो शब्द संस्कृतात आला, पंचांगातला ‘होरा’ही त्याच वाटेने. म्हणजे मी इतकी वर्षं पराणीप्रमुख होतो! हाताखालचे शिक्षक म्हणतील, आम्हाला ठाऊक होतं.

आणि आमच्या जिल्ह्यातलं तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली, तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात भडोच बंदराहून दक्षिणेला 20 दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पैठणहून पट्टेदार मौल्यवान दगड आणि तगरहून जाडंभरडं कापड, शिवाय तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायची. त्या बंदरात मिनँडरची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी अजून चालतात, हेही तो गृहस्थ लिहितो. आमच्या शाळेची सहल तेरला गेली होती. गोरोबाकाकांचं दर्शन घेतलं, नदीकाठी शेंगाचटणी-भाकरी खाल्ली आणि परत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंचं संग्रहालय त्याच गावात आहे, तिकडे मी पोरांना नेलं नाही. दोष माझाच, तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

याहून मोठी चूक वर्गात केली. नाशिकच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला शक, यवन, पल्हव यांचा संहार करणारा म्हटलंय. बखरींमुळे आपल्या कानाला ‘यवन’ म्हणजे मुसलमान अशी सवय. मीही फळ्यावर तसंच लिहिलं. सहावीतली, दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, सातकर्णी तर लई आधीचा. तवा इस्लाम होता का?” मी तिला “खाली बस” म्हणालो. राजासारखा बोललो.

सातकर्णी दुसऱ्या शतकातला, इस्लाम सातव्या. यवन हा शब्द आयोनियावरून आलेला, मूळचा ग्रीकांसाठीच. त्याच नाशिकच्या लेण्यांत धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त हा ‘योणक’, म्हणजे यवनच, बुद्धांच्या पूजेसाठी भिक्खुसंघाला लेणं कोरून देतो, तोही लेख आजही भिंतीवर आहे. हे सगळं मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं. ती मुलगी आता चाळिशीच्या पुढे असेल, कुठे नांदते ठाऊक नाही. आपला पेपर मराठवाड्यात घरोघरी जातो, म्हणून एवढं छापावं: बाई, तेव्हा इस्लाम नव्हता. तुझं बरोबर होतं.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख
कळंब, जि. धाराशिव