टोमॅटोचा रंग उलगडून सांगणाऱ्या बाईंना

आदरणीय बाईंना सादर नमस्कार.

मार्च सरत आला तशी मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरील टोमॅटोची फळे मऊ पडूनही लाल होईनात, तेव्हा कुणी पोटॅश कमी पडल्याचे सांगितले, तर कुणी बियाण्याला दोष दिला. आपण मात्र निवृत्तीनंतरही वनस्पतिशास्त्राच्या त्याच आस्थेने जिने चढून वर आलात आणि एक फळ हातात फिरवून दाखवलेत: पानाआडची बाजू लाल, पश्चिमेच्या उन्हाकडची पिवळट. पोटॅशच कमी असते तर रंग उन्हाची बाजू पाहून बदलला नसता, हा आपला एकच मुद्दा सगळ्यांना पटला.

पिकताना फळातील हरितद्रव्य नाहीसे होते आणि लायकोपीन हे लाल रंगद्रव्य साठू लागते. त्याला साधारण २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते; ३० अंशांपुढे त्याची निर्मिती मंदावते आणि उष्णता टिकून राहिली तर जवळजवळ थांबते, परंतु त्याच साखळीतून पुढे बनणारे नारिंगी बीटा कॅरोटीन त्या उष्णतेतही तयार होत राहते, म्हणून फळ पिकते पण लाली चढत नाही. थेट उन्हातील फळ भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, हे आपण सांगितले नसते तर आम्ही हवामानाच्या बातमीतील आकड्यावरच विसंबून राहिलो असतो.

आपल्या सल्ल्याप्रमाणे फळांवर सावली धरणारी पाने छाटणे आम्ही थांबवले, हिरवी जाळी बांधली आणि रंग धरू लागलेली फळे काढून घरात माठाशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवली. तेथे त्यांना छान लाली आली. फ्रिजमध्ये ठेवू नका, कारण १२ अंशांखालीही लायकोपीन नीट बनत नाही, हे आपण आवर्जून बजावले होते. नारिंगी राहिलेली फळेही टाकू दिली नाहीत; बीटा कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, हे ऐकल्यावर त्यांचे सार शेजारच्या मुलांनीही आवडीने घेतले.

इतक्या आपुलकीने वेळ दिल्याबद्दल आम्ही सारे आपले मनापासून ऋणी आहोत. ऑक्टोबरच्या उकाड्याआधी जाळीची जागा ठरवायची आहे. त्या वेळी आपण पुन्हा गच्चीवर यावे, ही विनंती.

आपली नम्र,
गच्चीवरील बागेची एक सभासद