खलबत्त्यातला बत्ता आणि अकरा वर्षं राहिलेलं उत्तर

बीव्हर्टन, ओरेगन, जून

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

मराठीतच लिहितोय. रविवारच्या मराठी शाळेपायी जाळलेलं पेट्रोल वसूल व्हायला हवं. अडलास तर आईला फोन कर.

शुक्रवारी आम्ही दोघंच फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्कला गेलो. कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथला जुना लष्करी किल्ला, तू आठ वर्षांचा असताना गेलो होतो तेच. आई म्हणत होती, यर्ट (तंबूसारखी गोल खोली) घेऊ, आत पलंग असतो, हीटर असतो. मी तंबूवर अडून बसलो, आणि पोचल्यावर कळलं की हातोडा गॅरेजमध्येच राहिलाय. आईने एक शब्द न बोलता चहाच्या पिशवीतून खलबत्त्यातला बत्ता काढून दिला. वाळूची जमीन. आठवी खुंटी आत जाईपर्यंत पहिली वर आलेली. मग मात्र ती बोलली.

जळण तिथेच विकत घेतलं. बाहेरच्या लाकडातून किडे येतात म्हणून घरून आणू नका म्हणतात. नऊ वाजेपर्यंत उजेड होता. शेकोटी, गरम पिठलं, आणि करायला काहीच नाही.

मागच्या वेळी माझ्या खिशात वेळापत्रक होतं, आठवतं? नऊला जहाज, दहाला तोफा, अकराला तळं. तुला त्या जहाजाच्या सांगाड्यापाशीच बसायचं होतं आणि मी तुला दंडाला धरून गाडीत घातलं. या वेळी ओहोटीला खुर्च्या घेऊन गेलो आणि दोन तास हललो नाही. हे 'पीटर आयरेडेल' 1906 च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोहून पोर्टलंडला येत होतं. नदीच्या तोंडाशी वाऱ्याने किनाऱ्यावर नेऊन रुतवलं. माणसं सगळी वाचली. आता उरलीय ती नाळ (आपल्या हर्णैला होडीच्या पुढच्या टोकाला हेच म्हणतात) आणि काही बरगड्या. गंजाचे पापुद्रे हाताला येतात, खाली बारीक शिंपले घट्ट चिकटलेले. एकेका बरगडीभोवती लाटांनी वाळू कोरून डबकं केलंय. आईने त्यात पाय घातले आणि "अगं बाई" म्हणून काढले. जूनमध्येही बर्फाचं पाणी!

आणि तुझा प्रश्न. 1942 च्या 21 जूनला रात्री जपानी पाणबुडीने या किल्ल्यावर 17 गोळे टाकले, हे मी तुला चालता चालता सांगितलं होतं. तू विचारलंस, "मग आपण का नाही मारले?" मी म्हटलं, "नंतर सांगतो, चल." अकरा वर्षं झाली. तर ऐक. कमांडरने दिवे मालवायला लावले आणि तोफा डागू दिल्या नाहीत. पाणबुडी पल्ल्याबाहेर आहे असा अंदाज होता, आणि डागल्या असत्या तर आपल्या तोफा नेमक्या कुठे आहेत ते शत्रूला कळलं असतं. बेसबॉलच्या मैदानाची जाळी मोडली, काही तारा तुटल्या. फार नुकसान झालं नाही. शिपाई चरफडले असतील.

रसेल बॅटरीच्या, म्हणजे किल्ल्याच्या तोफा होत्या त्या ओट्याच्या, काँक्रीटवर बसून मी हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतोस? त्याला लिही." म्हणून लिहिलं. तळं राहिलंच, राहू दे.

बत्त्याच्या बुडाला ओरखडे पडलेत. आई अजून त्यानेच आलं ठेचते आणि चहाला वाळू लागते म्हणते. मला तरी लागत नाही.

तुझा,
बाबा