वाढदिवस वॉर्डात कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ब्रिटनची राजकन्या ॲन पंचाहत्तर वर्षांची झाली, तेव्हा आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर तिच्याविषयी चार ओळी आल्या होत्या. त्याच पानावर, अगदी शेजारी, आपल्या एका लाडक्या अभिनेत्याचा पाव पान फोटो होता. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या बालविभागात तो वाढदिवसाचा केक कापत होता. मांडीवर पाच-सहा वर्षांचा मुलगा, डोक्यावरचे केस गेलेले, मास्क हनुवटीवर ओढलेला. मुलाचे नाव, गाव आणि आजार फोटोखाली व्यवस्थित छापलेले. हे दोन मजकूर शेजारी पाहिल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते, ते आज लिहिते आहे.

मी मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. डॉक्टर औषध लिहून देतात आणि वर 'एमएसडब्ल्यू मॅडमना भेटा' असे सांगतात, त्यातली मॅडम. केशरी रेशनकार्डाची झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचे एस्टिमेट, कुठला ट्रस्ट कोणत्या वारी अर्ज घेतो त्याची वही, यात नोकरी गेली. देणगी देणारे लोक मी समोरून पाहिलेले नाहीत, टेबलाच्या मागून पाहिले आहेत. तिथून माणूस जरा वेगळा दिसतो.

आधी ॲनविषयी, कारण चार ओळींत ते राहून गेले. १९७० साली ती 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेची अध्यक्ष झाली तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होती. ते पद तिने पंचेचाळीसहून अधिक वर्षे सांभाळले. पुढे राणी एलिझाबेथने वयामुळे काही संस्थांचे आश्रयदातेपद सोडले, तेव्हा याच संस्थेचे तेही पद ॲनकडे आले. सुरुवातीला तिथल्या वृत्तपत्रांनी तिला फटकळ आणि गर्विष्ठ म्हणून यथेच्छ झोडपले होते. १९८२ मध्ये ती संस्थेच्या कामासाठी आफ्रिकेतल्या देशांत फिरली, त्यानंतर त्यांचा सूर बदलला. कॅमेरा दिसला की मूल उचलून कडेवर घ्यायचे, हे मात्र तिने तेव्हाही केले नाही आणि नंतरही नाही. आज तीनशेहून अधिक संस्थांशी तिचे नाव जोडलेले आहे. एक माणूस तीनशे ठिकाणी किती पुरणार, ही शंका मलाही आहे. पण एका संस्थेला ती पंचेचाळीसहून अधिक वर्षे पुरली, हे नाकारता येत नाही.

या संस्थेचा जन्मही मोठा गमतीदार आहे. पहिले महायुद्ध संपले तरी ब्रिटनने शत्रुदेशांची नाकेबंदी उठवली नव्हती आणि तिकडे मुले उपाशी मरत होती. १९१९ साली एग्लंटाइन जेब नावाच्या बाईंनी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात एका उपाशी ऑस्ट्रियन मुलाचा फोटो असलेली पत्रके वाटली. त्यांना अटक झाली आणि पाच पौंड दंड झाला. सरकारच्या बाजूने खटला चालवणाऱ्या वकिलाने मग आपल्या खिशातून पाच पौंड काढून त्यांना दिले! याच बाईंनी पुढे मुलांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने तो स्वीकारला.

आता कोणी म्हणेल, बघा, तिथेही उपाशी मुलाचा फोटो होताच की. होता. पण त्या फोटोत जेबबाई नव्हत्या.

आपल्याकडचा एक वाढदिवस सांगते. दुपारी दोनची वेळ. सकाळी केमो सुरू झालेली मुले जरा डोळे मिटतात ती हीच. आधी दोघेजण येऊन कुठली भिंत बरी दिसेल ते पाहून गेले. मग फुगे आले, ते ऑक्सिजनच्या पॉइंटला बांधले. मग तीस-पस्तीस माणसे, बाहेरच्या चपला-बुटांसकट. इनचार्ज सिस्टर दारात आडव्या झाल्या, तर वरून फोन आला. पांढऱ्या पेशी उतरलेल्या मुलाला बाहेरचे काहीही द्यायचे नाही, हे आम्ही आयांच्या कानीकपाळी ओरडत असतो, आणि इथे क्रीमच्या केकचा तुकडा थेट मुलाच्या तोंडाशी. त्याची आई विदर्भातल्या एका खेड्यातून आलेली. नाही म्हणावे तर एवढा मोठा माणूस, उद्या यानेच मदत केली तर? हो म्हणावे तर सिस्टर डोळे वटारून उभ्या. तिने तो तुकडा पटकन आपल्या हातात घेतला, पदराआड धरला आणि फोटो होईपर्यंत तशीच हसत राहिली. नंतर ते क्रीम तिच्या बांगड्यांत अडकले होते, ते तिने बेसिनवर धुऊन काढले. पाहुणे वीस मिनिटांत गेले. केळी वाटली, एकेका केळ्याला पाच-पाच हात लावून. ज्या मुलाला द्यायची त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, म्हणून केळे उशाशी ठेवले गेले.

यात नटांचाच दोष आहे असे मी म्हणत नाही. नगरसेवक, मंडळे, महिला क्लब, कंपन्यांचे एचआरवाले, सगळे येतात. जून महिन्यात वह्या, ऑगस्टमध्ये तिरंग्याचे फुगे, दिवाळीत फराळ. मे महिन्यात, जेव्हा रक्तपेढीत रक्ताचा खडखडाट असतो, तेव्हा कोणी फिरकत नाही, कारण सगळे गावी किंवा महाबळेश्वरला. थॅलेसेमिया मेजर या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलाला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतेच. त्याला मे महिना नसतो.

वाचकांना एप्रिल २०१६ आठवत असेल. प्रिन्स विल्यम आणि केट मुंबईत आले होते, ओव्हल मैदानावर सचिन तेंडुलकर आणि दिलीप वेंगसरकरांसोबत मुलांबरोबर क्रिकेट खेळले. केटने अनिता डोंगरेंचा ड्रेस घातला होता आणि तो पाहायला इतकी झुंबड उडाली की त्यांची वेबसाइट बंद पडली, हे आजही बायका सांगतील. ती मुले कुठून आली होती, हे विचारून पाहा. मॅजिक बस, डोअर स्टेप स्कूल आणि चाइल्डलाइन या संस्थांची ती मुले. तिन्ही कामे मुंबईत उभी राहिलेली. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन तर १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाला आणि पुढे देशभर गेला. रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी १९८८ मध्ये डोअर स्टेप सुरू केली, फुटपाथवरच्या मुलांसाठी बसमध्ये शाळा भरवली. पाहुणे गेले, संस्था इथेच होत्या. त्यांचे वर्ष एप्रिलच्या त्या दुपारपुरते नव्हते.

राजघराण्याची मी भक्त नाही. जनतेच्या पैशावर राहणाऱ्यांनी थोडे जनतेचे काम केले तर त्यात आरती ओवाळण्यासारखे काही नाही. शिवाय त्यांच्यातही धरसोड आहेच. घटस्फोटानंतर १९९६ मध्ये डायनाने शंभराच्या आसपास संस्थांची पदे एकदम सोडली आणि सहाच ठेवली. त्यांत लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हे मुलांचे रुग्णालय होते, बेघर तरुणांसाठीची सेंटरपॉइंट होती, कुष्ठरुग्णांसाठीचे लेप्रसी मिशन होते. तिचे दुःख मला कळते. पण ज्या संस्था सुटल्या तिथल्या कार्यालयात त्या सकाळी काय चालले असेल तेही कळते: लेटरहेड बदलायचे आणि देणगीदारांना समजुतीचे फोन करायचे. प्रिन्स हॅरीने लेसोथोच्या प्रिन्स सीइसोबरोबर २००६ मध्ये 'सेन्टेबाले' काढली, एचआयव्हीच्या सावटाखालच्या मुलांसाठी. २०२५ मध्ये विश्वस्त आणि अध्यक्षांचे फाटले, दोघेही राजपुत्र बाहेर पडले आणि भांडण चव्हाट्यावर आले. ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने त्याबद्दल सगळ्यांचेच कान उपटले.

आणि राजेच बघायचे तर आपल्याकडे काय कमी होते? सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, १९०६ मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात ते मोफत आणि सक्तीचे केले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड ठेवला. पण ते राज्यकर्ते होते, खजिना त्यांचा, हुकूम त्यांचा. ॲनच्या हातात हुकूम नाही. तिच्याकडे आहे ते फक्त नाव. आपल्या नटांकडे, क्रिकेटपटूंकडेही तेच आहे. म्हणून तुलना शाहू महाराजांशी नको, तिच्याशी करावी. नाव उसने द्यायचे तर किती दिवसांसाठी?

कंपन्यांचे पाहा. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे समाजकार्यावर, खर्च करावी लागते, आणि देशातल्या कितीतरी बड्या कंपन्यांची मुख्यालये याच शहरात आहेत. पैसा येतो, नाही असे नाही. पण मार्च संपत आला की फोन येतो, 'मॅडम, पंधरा दिवसांत खर्च होईल असे काही सुचवा.' पंधरा दिवसांत यंत्र येते. नियमांत 'चालू प्रकल्प' म्हणून सोय आहे, तिथेही सुरुवातीचे वर्ष सोडून फार तर तीन वर्षे. रक्ताच्या कर्करोगाच्या एका मुलाचे उपचारच दोन-अडीच वर्षे चालतात! आमच्याकडे एक यंत्र असेच आले. चकचकीत, दात्याच्या नावाची पितळी पाटी लावलेले. वॉरंटी संपली, एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभालीचे, पैसे कोणी देईना, चालवणारा टेक्निशियन कंत्राटी होता तो दुसरीकडे गेला. यंत्रावर निळे प्लास्टिकचे कव्हर चढले. पाटी तेवढी सफाईवाली मावशी रोज पुसायची.

खेळण्यांची गत याहून मजेशीर. देणगीत आलेली खेळणी डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे रुग्णालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढतात. चढली की हरवून चालत नाहीत. हरवली तर सिस्टरने भरून द्यायची. म्हणून सिस्टर ती कपाटात कुलूपबंद ठेवतात, आणि मुले सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांशी खेळतात. सिस्टरना नावे ठेवू नका, तुम्हीही तेच केले असते. तिथे खेळणी नको होती, मुलांबरोबर खेळायला पगारी बाई हवी होती. पगाराला देणगी मिळत नाही. पगाराचा फोटो येत नाही ना.

एक गृहस्थ सांगितलेच पाहिजेत. गिरगावातले, बँकेतून निवृत्त. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायचे, माझ्या टेबलासमोर बसायचे आणि विचारायचे, 'या महिन्यात कितीजणी?' उल्हासनगर, बदलापूर, पालघरहून थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त चढवायला आणणाऱ्या आयांपैकी ज्यांना गाडीभाडे जड जाते, त्यांचे भाडे ते भरायचे. दिवसभराची मजुरी बुडालेली असते, त्यात भाडे नसेल तर एखादी खेप चुकते, आणि मूल पुढच्या वेळी पांढरेफटक होऊन येते. हे त्यांना एकदा सांगितले, पुन्हा सांगावे लागले नाही. वॉर्डात ते कधी गेले नाहीत. पावती मात्र सोडायचे नाहीत, आयकरातल्या ८०-जीच्या सवलतीला लागते म्हणून. गुडघे गेल्यावर सूनबाई येऊ लागल्या, त्याही तोच प्रश्न विचारायच्या.

आता आपल्या दैनिकाकडे मागणे. आजारी मुलाचा चेहरा, नाव आणि आजार एकत्र छापू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख माध्यमांनी उघड करू नये, असे बाल न्याय कायद्याचे कलम ७४ सांगते. रुग्णालयातले प्रत्येक मूल त्या व्याख्येत बसते का, यावर वकील वाद घालोत. मला एवढे माहीत आहे की मुलीची आई 'बाई, पेपरात नको हो, पुढे लग्नाचे बघायचे आहे' असे हळूच सांगते आणि फोटोवाल्यासमोर तिला ते सांगता येत नाही. मूल बरे होते, गावी जाते, शाळेत बसते. तो फोटो मोबाइलवरून मोबाइलवर फिरत राहतो. पाहुण्याचा फोटो हवाच असेल तर त्याने कार्यालयात चेक देतानाचा छापा. आणि तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा आला का, तेही एखाद्या बातमीदाराला विचारायला सांगा.

ज्या वाचकांना वाढदिवसानिमित्त खरेच काही करायचे आहे, त्यांनी वॉर्डात न जाता रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावे. दुपारी बारानंतर ओपीडीची गर्दी जरा ओसरते. अनेक सार्वजनिक रुग्णालयांत पुअर बॉक्स फंड, म्हणजे गरीब रुग्णांसाठीचा निधी, असतो. चेक त्या नावाने द्यावा आणि पावती घ्यावी. रक्त द्यायचे असेल तर रक्तपेढीला आधी फोन करून मे महिन्यातली तारीख मागावी. केक घरी कापावा.

आपली,
एक निवृत्त वैद्यकीय समाजसेविका
लालबाग, मुंबई
(रुग्णालय ओळखू येऊ नये म्हणून कृपया नाव छापू नये.)