टोळीच्या चोरीची भरपाई काउंटरवाल्यांनी का करायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुकानांतल्या टोळीचोऱ्यांवरचा कालचा लेख वाचून राहवले नाही. अमेरिकेतल्या दुकानांतून गायब होणाऱ्या मालापैकी जवळजवळ निम्मा टोळ्या नेतात, हे अजूनही कसे छापले जाते? ‘नॅशनल रिटेल फेडरेशन’ या तिथल्या दुकानदारांच्या संघटनेने २०२३ च्या अहवालात तसे म्हटले होते, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते विधान मागेही घेतले. त्या अहवालातला ९,४५० कोटी डॉलर हा आकडा म्हणजे तिथल्या दुकानांच्या मालातली २०२१ सालची एकूण तूट होती. भुरट्या चोऱ्या, नोकरांनी केलेल्या चोऱ्या, हिशेबातल्या चुका, सगळे त्यात आले.

टोळ्या नाहीतच, असे माझे म्हणणे नाही. मी बरीच वर्षे कपड्यांच्या काउंटरवर काढली आहेत. चार-पाच जण एकमेकांची ओळख नसल्यासारखे आत येतात. एक जण माप, रंग, कापड विचारत तुम्हाला हलू देत नाही. दुसरा नेमका कॅमेऱ्याच्या आड कपडा अंगाला लावून बघत राहतो. तिसऱ्याच्या पिशवीला आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे अस्तर असते, त्यामुळे दारातून जाताना टॅग वाजत नाही. आपल्या लक्षात येईपर्यंत सगळे पसार झालेले असतात.

पुढे काय होते, त्यावर लेखात एक ओळ नाही. स्टॉक मोजतात, तूट निघते आणि ती आमच्या पगारातून कापतात. एकदा तर काउंटरवरच्या नव्या मुलीला मालकांनी सगळ्यांदेखत पर्स उलटी करायला लावली. रुमाल, डबा आणि औषधाची पट्टी एवढेच निघाले. नंतर कॅमेऱ्यात टोळी दिसली, तरी तिचे कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. तिची कोणी माफीही मागितली नाही. धंद्यातले नुकसान मालकाचे. ते महिन्याच्या पगारावर जगणाऱ्यांच्या माथी मारणे हा शुद्ध अन्याय आहे आणि वर्तमानपत्राने त्यावर लिहायला हवे होते.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत पळणाऱ्यांचे चेहरे धूसर केले आहेत आणि गल्ल्यावरच्या मुलीचा चेहरा मात्र स्पष्ट छापला आहे. तिने कोणाचे काय चोरले? आकड्याची दुरुस्ती छापाल तेव्हा हा फोटोही ऑनलाइन आवृत्तीतून काढावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विक्रेता