पारोच्या कबरीला एक फलक हवा

संपादक महोदय,

मागच्या रविवारी नातवाला घेऊन भुसावळहून जामनेर-पहूरमार्गे अजिंठ्याला गेलो. लेणी नव्हे, घाट चढून वरचं गाव. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला १८४४ मध्ये नेमलेला चित्रकार रॉबर्ट गिल याच गावात राहिला. त्याची प्रेयसी पारो हिची कबर शोधण्यात तास गेला. फलक कुठे दिसला नाही. रिक्षावाला तर म्हणाला, "बाबा, लेणी खालीच राहिली ना!" शेवटी एका पानटपरीवाल्याने वाट दाखवली. दगडावर इंग्रजी अक्षरं, साल १८५६. खाचांत धूळ भरलेली. नातवाने रुमालाने पुसून एकेक अक्षर बोटाने गिरवत वाचलं. मग बाहेर निंबाखाली बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा.

गिलची बरीचशी चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तो १८७९ मध्ये वारला आणि पुरलाय आमच्याच भुसावळला! मी इथे रेल्वेत पस्तीस वर्षं काढली, पण त्याची कबर पाहिली ती निवृत्तीनंतर. लाज वाटते सांगायला.

दोन्ही कबरींपाशी मराठी फलक लावावेत. तेवढं जमत नसेल तर मुख्य रस्त्यावर निदान एक बाण तरी रंगवा.

– एक निवृत्त रेल्वे गार्ड, भुसावळ