आधी त्या लाल दिव्याचं कारण, मग टोकन

नागपूर,
रविवार रात्र

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार. वर्धा रोडवर पाहिलेल्या गाडीचे फोटो मिळाले. गाडी दिसायला चांगली आहे. २०१९ चं मॉडेल, एका हातची, एमएच-३१ पासिंग, रनिंगही बेताचं. पण शेवटच्या फोटोत मीटरवर ते बसलेल्या माणसाचं आणि त्याच्यापुढच्या फुग्याचं, म्हणजे एअरबॅगचं, लाल चिन्ह पेटलेलं आहे आणि खाली तू लिहिलंस, 'डीलर म्हणते सेन्सरचा प्रॉब्लेम आहे, पंधरा हजार कमी करून देतो. घेऊन टाकू का?' फोनवर सांगितलं असतं तर तू हो-हो म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहून पाठवतो. निवांत वाच, वहिनींनाही वाचायला दे.

टोकन देऊ नको. गाडी सोडून दे असं मी म्हणत नाही. दिवा का पेटून राहिला हे कळेपर्यंत खिशात हात घालू नको, एवढंच.

चावी ऑन केली की एअरबॅगचा हा दिवा आपोआप पेटतो. तेवढ्यात गाडीतलं कंट्रोल युनिट स्वतःला आणि आपल्या सगळ्या वायरींना तपासून घेतं, आणि काही सेकंदांत दिवा विझतो. विझला नाही, म्हणजे त्या तपासणीत कुठंतरी खोट निघाली. अशा गाडीची टक्कर झाली तर बॅग उघडेलच याचा भरवसा नाही. आणि प्रश्न एकट्या बॅगचा नाही. सीटबेल्टच्या रिळाशी प्रीटेन्शनर असतो. धडक बसताच तो पट्टा झटक्यात मागे खेचतो आणि माणसाला सीटशी धरून ठेवतो. तोही त्याच युनिटच्या हुकमावर चालतो. धडक बसल्यापासून बॅग फुगेपर्यंतचा सगळा मामला पापणी लवायच्या आत उरकतो, त्यामुळे तिथं 'चालून जाईल' ला जागाच नाही.

तू ही गाडी कशासाठी घेऊन राहिलास ते मला ठाऊक आहे. पिंकीला संभाजीनगरहून आणायला-सोडायला तू समृद्धीवरून जाणार. तिथं कारला १२० ची मर्यादा आहे, सरळ रस्ता आहे, आणि मेच्या उन्हात तापलेल्या त्या काँक्रीटवर टायर फुटल्याच्या किती केसेस विम्याचा सर्व्हेयर म्हणून माझ्या टेबलावरून गेल्या ते तुला मी आधीच सांगितलं आहे. त्या रस्त्यावर मागच्या सीटवर तुझी लेक असेल आणि पुढे वहिनी. मला पंधरा हजारांचा हिशेब समजतच नाही रे.

आता डीलरच्या बाजूनेही बोलतो. तो म्हणतो तसं किरकोळ कारण असू शकतं. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात. कोणी सीट मागे-पुढे करताना, कोणी खालून झाडून काढताना ते सैल होतात. बॅटरी उतरली तरी कधी दिवा लागतो. स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली चपटी केबल असते, मेकॅनिक तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. ती तुटली की दिव्यासोबत बरेचदा हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणंही बंद पडतात. म्हणून आधी हॉर्न वाजवून पाहा. पण गाडीच्या युनिटमधली खोट वाचणारा स्कॅनर न लावता त्याला 'सेन्सर' कसा कळला? आणि दुरुस्ती इतकीच स्वस्त असती तर त्याने ती आधीच करून घेतली असती. दिवा विझलेली गाडी जास्त किमतीला जाते, हे त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

खरा खर्च कुठं असतो ते सांगतो. एकदा बॅगा उघडल्या की नव्या बॅगा, नवे प्रीटेन्शनर, नवं युनिट, पुष्कळदा डॅशबोर्डसुद्धा. जुन्या गाडीला एवढा खर्च कोणी करत नाही. मग काय होतं? मागच्या वर्षी ऑफिसमधल्या एकासोबत कामठी रोडला गाडी पाहायला गेलो होतो. चावी ऑन केली. एबीएसचा दिवा लागला, ऑइलचा लागला, बॅटरीचा लागला, एअरबॅगचा लागलाच नाही. तो बिचारा खूश, म्हणाला, 'पाहा भाऊ, क्लीन आहे.' मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. थर्मामीटर फोडून टाकला म्हणून ताप उतरत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या बुडाशी शिवलेली पट्टी पाहिली, तर गाडी २०१८ ची आणि पट्टा २०२१ चा. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाचा रंगही बाकी स्टिअरिंगपेक्षा वेगळा. बल्ब काढलेला होता, हे आमच्या मेकॅनिकने मीटर खोलून दाखवलं. याहून वाईट प्रकारही असतो. बॅगेच्या जागी एक छोटा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा स्वस्त तुकडा, जोडतात. युनिटला वाटतं बॅग जागेवर आहे, दिवा अगदी नियमात पेटतो आणि विझतो, आणि झाकणामागे काहीच नसतं.

त्यामुळे पेटलेल्या दिव्याची गाडी मला एका अर्थी प्रामाणिक वाटते. निदान ती बोलते तरी आहे. जिचा दिवा लागतच नाही, तिच्याजवळ थांबूही नको. एक मात्र ध्यानात ठेव. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून आणि बाजूच्या सीटची त्याच्याही नंतर. त्याआधीच्या कित्येक बेस मॉडेलमध्ये बॅगच नसायची, म्हणून दिवाही नसायचा. तुझी गाडी कोणत्या महिन्यात बनली ते आरसीवर पाहून घे.

आता नागपूरची खास गोष्ट, जिची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुला आठवत असेल. अंबाझरी ओसंडला, नाग नदी वस्तीत घुसली, अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, मोरभवन, सगळीकडे गाड्या सीटपर्यंत पाण्यात. पुढचे काही महिने मी सर्व्हेयर म्हणून त्याच गाड्या पाहत होतो. ज्या टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीला न परवडणाऱ्या, ठरल्या त्यांचं सॅल्व्हेज, म्हणजे उरलेला सांगाडा, विकलं गेलं. पण कित्येकांनी क्लेमच केला नाही. गाड्या वाळवल्या, सीट धुतल्या, सुगंधी स्प्रे मारला आणि बाजारात लावल्या. एअरबॅगचं युनिट कुठं असतं माहीत आहे? बहुतेक गाड्यांत गिअरच्या पुढेमागे, थेट फ्लोअरवर. कनेक्टर सीटखाली. म्हणजे पाणी आत आलं की पहिले भिजणार हेच. आज भिजलेलं कनेक्टरचं पितळी टोक काही महिन्यांनी हिरवं पडतं, आणि तेव्हा दिवा लागतो. त्या पावसाळ्यात शहरात असलेल्या कोणत्याही गाडीवर हा संशय मी घेतोच.

म्हणून सीटच्या रुळाचे बोल्ट पाहा, गंज आहे का. बेल्ट पूर्ण ओढून पाहा, आतल्या भागावर मातीची रेघ आहे का. स्टेपनी उचलून खालचा खड्डा पाहा. कार्पेटच्या कोपऱ्यात बोट घाल आणि वास घे. हे सगळं उन्हात कर, संध्याकाळी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको.

आणखी एक, जे दिवा कधीच सांगणार नाही. ताकाता नावाच्या जपानी कंपनीच्या बॅगांमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने आणि उष्णतेने खराब होत गेलं. अशी बॅग उघडताना तिच्या धातूच्या डब्याचेच तुकडे उडून माणसं दगावली. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, भारतातही. ही बहुतेक तुझ्या गाडीआधीच्या वर्षांतल्या गाड्यांची गोष्ट आहे, पण तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर चॅसिस नंबर टाकला की रिकॉल बाकी आहे का ते दिसतं, आणि ते काम फुकट करून देतात.

आता तू काय करायचं. डीलरला सांग, गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये न्यायची, स्कॅनिंगचे पैसे मी देतो. बाजारात मिळणारा स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनपुरताच वाचतो, एअरबॅगच्या खोटेचा कोड वाचणारा हवा. कोडची प्रिंट तुझ्या हातात घे. 'डिलीट केला' एवढ्यावर विश्वास नको, खोट असेल तर तो पुन्हा येतो. दुरुस्ती विक्रीआधी, डीलरच्या खर्चाने, आणि जुना पार्ट तुला दाखवून. कोणी इलेक्ट्रिशियन टेस्ट लॅम्प घेऊन त्या पिवळ्या वायरींना हात लावायला निघालाच तर थांबव, बॅग तोंडावर उघडू शकते. त्याच वर्कशॉपमधून सर्व्हिस हिस्ट्री काढ, जुन्या इन्शुरन्सवर किती क्लेम झाले ते विचार. आणि डीलरकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र आहे का तेही पाहा, एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना ते लागतं. तो यातल्या एकाही गोष्टीला 'काऊन पाहिजे?' म्हणाला, तर नमस्कार कर आणि निघून ये.

शनिवारी मला सुट्टी आहे. सकाळी दहाला सीताबर्डीवर ये, दोघं सोबत जाऊ, तोपर्यंत त्याला काही कबूल करू नको. चॅसिस नंबरचा फोटो आजच पाठव, रिकॉलचं मी रात्रीच पाहून ठेवतो. वहिनींना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद.

तुझा,
बंड्या